फिनिक्सच्या उन्हात पिवळी वाळवंटी पेटारी कशी जगवायची: रोप निवडण्यापासून बी धरण्यापर्यंत

ॲरिझोनातल्या फिनिक्सजवळच्या चँडलर-गिल्बर्टकडच्या माझ्या ओळखीतल्या सात-आठ मराठी घरांनी हे झुडूप लावलं आणि त्यातली निम्म्याहून जास्त रोपं पहिल्याच उन्हाळ्यात गेली. माझीही पहिली दोन गेली. सगळ्यांचं म्हणणं एकच, ऊन सोसलं नाही. पण मी माझी दोन्ही रोपं उपटून बघितली तर मुळं काळी, लिबलिबीत, आणि कुजका वास. उन्हानं मेलेल्या झाडाची मुळं अशी नसतात. ती पाण्यानं मेली होती, आणि पाणी मीच घातलं होतं, रोज सकाळी, तुळशीला घालते तसं.

नर्सरीच्या लेबलवर याचं नाव ॲब्युटिलॉन पामरी असं असतं, कुठे कुठे सुपरस्टिशन मॅलो, फिनिक्सच्या पूर्वेच्या सुपरस्टिशन डोंगरांवरून. जास्वंद, भेंडी, कापूस यांच्याच कुळातलं, आणि आपल्याकडे पडीक रानात, रस्त्याकडेला पिवळ्या फुलांची पेटारी उगवते ना (कुणी मुद्रा म्हणतं, कुणी चक्रभेंडी, आयुर्वेदवाले अतिबला) तिचं सख्खं भावंड. म्हणून मी याला वाळवंटी पेटारी म्हणते, मराठीत वेगळं नाव नाहीये. सोनोरन वाळवंट हे याचं घर, म्हणजे दक्षिण ॲरिझोना, कॅलिफोर्नियाचा खालचा कोपरा आणि मेक्सिकोतले सोनोरा आणि बाहा. कोरड्या खडकाळ उतारावर वाढतं. पाणी पडलं की वाहून जातं अशी जागा. हे डोक्यात ठेवा, पुढचं सगळं त्यावरच आहे.

## १. आधी झाड तेच आहे ना ते बघा

हसू नका, सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. नर्सरीत ॲब्युटिलॉन एवढंच लिहिलेलं दिसलं की लोक उचलून आणतात. मोठ्या दुकानांत त्या नावानं बहुतेक वेळा मिळतं ते संकरित फुलझाड, कंदिलासारखी खाली लोंबणारी फुलं, लाल, गुलाबी, पिवळी, पानं हिरवीगार आणि मेपलसारखी कातरलेली. ते सावलीतलं आणि ओलाव्यातलं झाड आहे, इथल्या जूनमध्ये भिंतीशी लावलं तर आठवडाभरात करपतं.

आपल्याला हवं त्याची ओळख अशी. पान पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराचं, राखाडी-हिरवं, दोन्ही बाजूंनी मखमलीसारखं मऊ. फूल वाटीसारखं उघडलेलं, साधारण एक ते दीड इंच, हळदीपेक्षा गडद, आंब्याच्या रसाच्या जवळचा रंग, आणि मध्ये डाग नाही. झुडूप पूर्ण वाढलं की ३ ते ५ फूट उंच आणि जवळजवळ तेवढंच रुंद.

फूल पिवळं पण मध्ये गडद लालसर डाग, फांद्या किडकिडीत आणि वरची पानं तीन भागांत चिरलेली असतील तर ती वाळवंटी जास्वंद, हिबिस्कस कूल्टेरी. तीही सुंदर आहे पण तिचा पसारा वेगळा. फूल नारिंगी आणि छोटं, कडा सुरकुतलेल्या, तर तो ग्लोब मॅलो.

थांबा: भारतातून पेटारीचं बी पाकिटात घालून आणायचा विचार असेल तर नको. अमेरिकेत बी आणायला कागदपत्रं लागतात, विमानतळावर काढून घेतात, वर दंडही होऊ शकतो. तसंच सुपरस्टिशनला ट्रेकला गेल्यावर तिथून रोप किंवा बी आणू नका, ते सरकारी जंगल आहे, परवानगीशिवाय काही उचलायचं नसतं. देशी वाळवंटी झाडं विकणाऱ्या नर्सरीत एक गॅलनच्या कुंडीतलं रोप मिळतं, तेवढं पुरेसं आहे.

रोप निवडताना मोठं बघू नका, फुललेलं बघू नका. कुंडी उलटी करून खालच्या भोकातून मुळांचा जाड गुंता बाहेर आलेला असेल तर सोडून द्या. पाच गॅलनचं महागडं रोप आणि एक गॅलनचं स्वस्त रोप एकाच दिवशी लावलं तर दोन वर्षांनी माझ्याकडे लहानाचं मोठं झालेलं जास्त भक्कम उभं आहे.

## २. महिना चुकवू नका

ऑक्टोबर ते नोव्हेंबर मध्य. बस. हाच सगळ्यात चांगला काळ. हवा थंड व्हायला लागलेली असते पण जमीन अजून गरम असते, त्यामुळे वर काही वाढ दिसत नाही पण खाली मुळं पसरत राहतात आणि पुढच्या जूनपर्यंत झाडाला सात-आठ महिने मिळतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास असं लक्षात ठेवलं तर विसरत नाही.

तो काळ हुकला तर फेब्रुवारी अखेर ते मार्च मध्य. चालतं, पण पहिला उन्हाळा जास्त जपावा लागतो.

एप्रिलपासून पुढे लावू नका. मला माहितीये की नर्सरीत सगळ्यात सुंदर फुललेली रोपं एप्रिलमध्येच दिसतात आणि मोह होतो. पण २०२३ मध्ये फिनिक्सला सलग ३१ दिवस दुपारचा पारा ११० फॅरनहाइट (४३ सेल्सियस) किंवा त्याच्या वर गेला होता, आणि पुढच्या वर्षीचा उन्हाळाही काही कमी नव्हता. कुंडीच्या आकाराएवढीच मुळं असलेलं रोप यात टिकवायचं म्हणजे रोज पाणी, आणि रोज पाणी म्हणजे मूळकूज. दोन्हीकडून अडकतो आपण. एप्रिलमध्ये आवडलंच तर आणा, कुंडीतच ठेवा, सकाळचं ऊन आणि दुपारची सावली द्या, ऑक्टोबरला जमिनीत लावा.

## ३. जागा

दिवसातून निदान सहा तास ऊन हवं. कमी उन्हात मरत नाही पण लांबुळकं होतं आणि फुलं कमी येतात.

पश्चिमेच्या सिमेंटच्या भिंतीला चिकटून लावायचं नाही असं मला सांगितलं होतं, पण खरं सांगायचं तर मुळं धरलेलं झाड तिथेही उभं राहतं. पहिल्या वर्षी मात्र भिंतीपासून ३ फूट तरी लांब ठेवा. ते अंतर उन्हासाठी तर आहेच, पण झुडूप चार-पाच फूट पसरतं आणि मग लोक भिंतीच्या बाजूनं सपाट कापत बसतात.

जागा ठरवताना खरं बघायचं ते दुसरंच, शेजारी काय आहे. लॉन असेल, लिंबाचं झाड असेल, गुलाब असेल, तर त्यांचं पाणी यालाही मिळणार. एकाच ड्रिप लाइनवर गुलाब आणि वाळवंटी पेटारी ठेवली की दोघांपैकी एक मरतं, आणि मरते ती पेटारी. तिला वेगळी लाइन, वेगळा व्हॉल्व हवा. ते जमत नसेल तर ड्रिपच नको, हातानं पाइपनं पाणी घाला, वर्षभरानंतर महिन्यातून मोजक्याच वेळा तर घालायचं असतं.

तपासून बघा: सोसायटीचे म्हणजे एचओएचे नियम असतील तर पुढच्या अंगणात लावण्याआधी त्यांची झाडांची यादी बघून घ्या. लावल्यावर उपटायला लागणं फार जिवावर येतं.

## ४. खड्डा, आणि पाणी झिरपतं का ते

खणायच्या निदान दोन पूर्ण कामाच्या दिवसांआधी ८११ ला फोन करा, गॅस, वीज, केबलच्या लाइनी कुठे आहेत ते फुकट येऊन रंगानं आखून देतात. तुमच्या स्वतःच्या ड्रिपच्या नळ्या ते आखत नाहीत, त्या आपल्याच लक्षात ठेवायच्या.

खड्डा खोल नाही, रुंद हवा. खोली कुंडीतल्या मातीच्या गोळ्याएवढीच, रुंदी त्याच्या तीन ते पाचपट. आपल्याकडे आंब्याला तीन फूट खोल खड्डा काढून शेणखत भरायची पद्धत असते, बाबा इकडे आले होते तेव्हा त्यांनी तसाच काढला होता, दोन दिवस राबले बिचारे. पण असा खोल खड्डा पोकळ मातीनं भरला की काही महिन्यांत माती बसते, रोप खाली जातं, आणि खोडाभोवती पाणी साठतं.

खणताना कुदळ एकदम खणखणली आणि पांढरट दगडासारखा थर लागला तर ती कॅलिची. चुन्याचा घट्ट थर. आपल्याकडे चुनखडीची जमीन कसलेल्यांना कल्पना येईल, पण ही त्याहून कडक असते, कधी कधी अक्षरशः सिमेंट. यातून पाणी खाली जात नाही आणि खड्डा म्हणजे बादली होऊन बसतो.

म्हणून रोप कुंडीतून काढायच्या आधी ही चाचणी करा, एकदाही टाळू नका:

१. खड्डा काठापर्यंत पाण्यानं भरा आणि पूर्ण जिरू द्या. ही फक्त माती भिजवायला.
२. परत भरा. काडीवर पाण्याची पातळी खूण करा.
३. चार तासांनी बघा. पातळी ४ इंच किंवा जास्त उतरली असेल तर जागा चांगली.
४. तेवढी उतरली नसेल तर पहारीनं खड्ड्याच्या तळाला एक-दोन ठिकाणी भोकं पाडून थराच्या खालपर्यंत जायचा प्रयत्न करा आणि परत चाचणी घ्या.
५. तरीही पाणी तसंच उभं असेल तर ही जागा सोडा. चार फूट सरकून दुसरा खड्डा घ्या, किंवा दीड फूट उंच मातीचा उंचवटा करून त्याच्या वर लावा.

पाचव्या पायरीला सगळे कंटाळतात. एवढं खणलंय तर आता लावूनच टाकू. मीही तेच केलं होतं आणि ते रोप जुलैत गेलं.

## ५. लावायचा क्रम

आदल्या दिवशी कुंडीतल्या रोपाला भरपूर पाणी द्या, म्हणजे मातीचा गोळा फुटत नाही. हातमोजे घाला. पानांवरची मऊ लव दिसायला छान असते पण कुणाकुणाला तिनं खाज येते, आणि तोच हात डोळ्याला लावला तर चांगलंच चुरचुरतं.

रोप काढल्यावर मुळं कुंडीच्या आकारात गोल फिरलेली असतील तर बाहेरून बोटांनी हलकेच मोकळी करा. कापसाच्या कुळातल्या झाडांना मूळ दुखावलेलं आवडत नाही, त्यामुळे झटकून सगळी माती काढायची नाही, फक्त गोल फिरलेली टोकं बाहेरच्या दिशेला वळवायची.

रोप खड्ड्यात असं ठेवा की गोळ्याचा वरचा भाग आजूबाजूच्या जमिनीपेक्षा अर्धा इंच वरच राहील. खाली नाही, बरोबरीला पण नाही. माती नंतर बसतेच. आडवी काठी खड्ड्यावर ठेवून बघितलं की लगेच कळतं.

मग जी माती काढली तीच परत भरा, दगड काढून, ढेकळं फोडून. यात काहीही मिसळायचं नाही. शेणखत, कंपोस्ट, कोकोपीट, वापरलेल्या चहाची पावडर, केळ्याची सालं, काहीच नाही. मला माहितीये की हे ऐकून बरं वाटत नाही, झाडाला उपाशी ठेवल्यासारखं वाटतं. पण खड्ड्यात मऊ ओलसर खत आणि बाहेर कडक कोरडी माती असली की मुळं खड्ड्यातच गोल फिरत राहतात, बाहेर पडत नाहीत, आणि पाणी पण त्या मऊ भागातच साचतं. खत पहिल्या वर्षी वेगळंही द्यायचं नाही. नत्र जास्त झालं की लुसलुशीत पालेदार वाढ होते, पांढरी माशी येते आणि फुलं कमी.

माती पायानं तुडवू नका. हातानं दाबा, पाणी घाला, बसली की वरून थोडी अजून टाका.

आता आळं. आपला हात आपोआप खोडाभोवती आळं करायला जातो. इथे उलटं करा, खोडाशी माती थोडी उंच आणि पाणी धरायची गोल चर मातीच्या गोळ्याच्या कडेला, खोडापासून साधारण ८-१० इंचावर. खोडाला पाणी टेकून उभं राहायला नको. वरून दोन इंच खडी किंवा दगडाचा चुरा टाकायला हरकत नाही, फक्त खोडाभोवती चार बोटं जागा मोकळी ठेवा.

शेवटी चिकन वायरची गोल जाळी, दोन फूट उंच, खाली जमिनीत दोन-तीन इंच पुरलेली. ससे कोवळं रोप एका रात्रीत बुंध्यापर्यंत खाऊन टाकतात. झाड कमरेएवढं झालं की जाळी काढा.

## ६. पाणी

इथे हळू वाचा, कारण निम्म्याच्या वर रोपं इथेच जातात.

पाणी किती दिवसांनी आणि किती खोल, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चूक अशी होते की लोक खोली वाढवत नाहीत, फक्त वेळा वाढवतात, रोज दहा मिनिटं ड्रिप. त्यानं वरची तीन इंच माती कायम चिखल आणि खालची कोरडी ठणठणीत. मुळं वरच राहतात, वरच भाजतात, आणि इथल्या नळाच्या पाण्यातले क्षार वरच्या थरात साठून पानांच्या कडा तपकिरी होतात. ती कडा बघून आपल्याला वाटतं पाणी कमी पडतंय आणि आपण अजून वाढवतो.

एका वेळी पाणी दीड ते दोन फूट खोल जायला हवं. मग पुढचं पाणी माती नीट सुकल्यावरच. शेतकऱ्यांच्या घरातल्यांना वाफसा शब्द माहीत असेल, जमीन वाफशावर येऊन त्याच्याही पुढे कोरडी व्हायला लागली की मग.

नवीन रोपाचं वेळापत्रक, ऑक्टोबरमध्ये लावलेल्या:

- पहिले दोन आठवडे: दर एक-दोन दिवसांनी
- तिसरा-चौथा आठवडा: दर ३-४ दिवसांनी
- पाचवा-सहावा: दर ४-६ दिवसांनी
- सातवा-आठवा: आठवड्यातून एकदा
- त्यानंतर हिवाळाभर: दोन-तीन आठवड्यांनी, पाऊस झाला तर तेही नाही

एका वर्षानंतर मुळं धरलेल्या झाडाला हिवाळ्यात महिना-दीड महिन्यातून एकदा, वसंतात आणि शरदात दोन ते चार आठवड्यांनी, उन्हाळ्यात एक ते तीन आठवड्यांनी. एवढी मोठी रेंज का, तर माती. वाळूमिश्रित असेल तर लवकर, चिकण असेल तर उशिरा. माझ्याकडे चिकण आहे, मी जुलैतही बारा-चौदा दिवसांनी देते.

किती वेळ चालू ठेवायचं हे कुणी दुसरा सांगू शकत नाही, मोजावं लागतं, आणि मोजायला काही लागत नाही. दोन-अडीच फुटांची बोटाएवढी लोखंडी सळई घ्या. तासाला एक गॅलनचे दोन ड्रिपर दोन तास चालवा. दुसऱ्या दिवशी सकाळी सळई जमिनीत दाबा. ओल्या मातीत लोण्यात सुरी जावी तशी जाते आणि कोरडं लागलं की अडते. जिथे अडली तिथे चिमटीत धरून बाहेर काढा, मोजा. एक फुटावर अडली तर पुढच्या वेळी जास्त वेळ चालवा. दोन फूट गेली तर तोच आकडा टायमरवर लिहून ठेवा. वर्षातून दोनदा हे परत करा.

तपासून बघा: दुपारी तीन वाजता पानं मलूल लोंबलेली दिसली की पाइप उचलायचा नाही. मखमली पानांचं झाड भर उन्हात स्वतःच पानं खाली झुकवतं, ऊन कमी झेलायला. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला जाऊन बघा. ताठ झाली असतील तर सगळं ठीक आहे. सकाळीही लोंबलेलीच असतील तर सळई लावा. कोरडं असेल तर पाणी द्या. ओलं असेल आणि तरी लोंबत असेल तर मुळांना हवा मिळत नाहीये, पाणी लगेच बंद.

ड्रिपर एकदा लावले की लोक पाच वर्षं तिथेच ठेवतात. झाड वाढलं की मुळांची टोकं बाहेर जातात, पाणी तिथे हवं. दर वर्षी ड्रिपर फांद्यांच्या सावलीच्या कडेपर्यंत बाहेर सरकवा. खोडाशी ठिबकत राहिलेला ड्रिपर खोड कुजवतो.

आणि टायमर. फिनिक्समध्ये वर्षाकाठी पाऊस साधारण ७-८ इंचच, पण त्यातला बराचसा जुलै-ऑगस्टच्या मान्सूनमध्ये तासाभरात कोसळतो. अर्धा इंच पडला की टायमर बंद करा. पाऊस पडतोय आणि ड्रिप पण चालू आहे हे इतक्या अंगणांत बघितलंय मी.

## ७. पहिला उन्हाळा

मे महिन्यात पहिल्यांदा शंभरच्या वर गेलं की नवीन रोपाच्या पश्चिमेला सावलीचं जाळं (३० ते ५० टक्केवालं) काठ्यांवर ताणून लावा. झाडाला टेकवायचं नाही, वरून झाकायचं नाही, फक्त दुपारनंतरचं ऊन अडवायचं. सप्टेंबर मध्याला काढा. दुसऱ्या वर्षी याची गरज नाही.

जून-जुलैत फुलं थांबतात, थोडी पानं गळतात. गळू द्या. या काळात छाटणी नाही, खत नाही, जागा बदलणं नाही.

नवीन पानं पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या दिसायला लागल्या तर ती लोहाची कमतरता. इथली माती इतकी अल्कधर्मी आहे की लोह असूनही मुळांना घेता येत नाही, आणि माती सतत ओली असली की अजूनच. लोक लगेच औषध आणायला धावतात. आधी तीन आठवडे पाणी कमी करून बघा.

एक गोष्ट मात्र वाईट. ऐन उन्हाळ्यात चांगलं भरलेलं झाड दोन-चार दिवसांत एकदम वाळलं आणि करपलेली पानं फांदीलाच लटकून राहिली, तर ती इथल्या मातीतली कापसाची मूळकूज असू शकते, टेक्सास रूट रॉट म्हणतात ती. याला खात्रीचा उपाय नाही. त्या जागी परत पेटारी लावू नका, जास्वंद, भेंडी, कापूस पण नको.

पानाखाली पांढऱ्या माश्या दिसल्या तर सकाळी पाइपच्या जोरदार धारेनं पानं खालून धुवा, चार-पाच दिवस ओळीनं. पानं गुंडाळून आत बसलेल्या छोट्या अळ्या दिसल्या तर त्यांना हात लावू नका, फुलपाखरांच्या आहेत, मॅलोच्या पानांवरच वाढतात. चार पानं गेल्यानं झाडाला काही होत नाही, आणि मार्चमध्ये अंगणात फुलपाखरं भिरभिरताना बघायला मिळतात ते वेगळंच.

## ८. थंडी आणि छाटणी

साधारण २५ फॅरनहाइटपर्यंत (उणे ४ सेल्सियस) झाड तग धरतं. त्याच्या आधीच शेंडे काळे पडू शकतात. पारा गोठणबिंदूच्या खाली जाणार असेल त्या रात्री जुनी सुती चादर टाका, जमिनीपर्यंत, सकाळी काढा. प्लास्टिक नको, जिथे पानाला टेकतं तिथे पान जळतं.

काळे शेंडे बघून लगेच कात्री लावायची नाही. ते मेलेले शेंडे खालच्या फांद्यांना झाकतात. फेब्रुवारी अखेरीपर्यंत थांबा, थंडी नक्की सरली की मग. बुंध्यापर्यंत गेलं असं वाटलं तरी उपटू नका, एप्रिलपर्यंत वाट बघा, खालून पालवी फुटते.

छाटणी वर्षातून एकदाच, तेव्हाच:

१. आधी वाळलेल्या आणि मोडलेल्या फांद्या मुळापासून.
२. मग एकमेकींवर घासणाऱ्यातली एक.
३. मग लांबलेल्या फांद्यांचा जास्तीत जास्त एक-तृतीयांश भाग कापा, डोळ्याच्या थोडं वर. कोवळ्या रोपाचे फक्त शेंडे खुडा, त्यानं फांद्या जास्त फुटतात.

थांबा: महिन्याला येणाऱ्या अंगणवाल्याला स्पष्ट सांगून ठेवा की या झाडाला मशीन लावायची नाही. इथे सगळ्या झुडपांचे गोल चेंडू नाहीतर चौकोनी ठोकळे करतात. फुलं नव्या शेंड्यांवर येतात, आणि शेंडेच दर महिन्याला उडवले तर फुलणार काय.

## ९. बीपासून रोप

झाड बसलं की पुढची रोपं विकत घ्यायची गरज नाही. बोंडं तपकिरी झाली आणि पाकळ्यांसारखे भाग वरून सुटायला लागले की धरा. हिरवी तोडू नका. कागदाच्या पिशवीत चार दिवस ठेवून हलवा, बी खाली पडतं. बारीक भोकं असलेलं बी टाकून द्या, आत किडा असतो. चांगलं बी तपकिरी, टणक, जड.

आता चूक सांगते. लोक हे बी थेट मातीत टाकतात, महिना वाट बघतात आणि बी खराब होतं म्हणून सोडून देतात. बी खराब नसतं. मटकी भिजवल्यावर काही दाणे फुगतच नाहीत ना, गणंग राहतात, तसं हे सगळंच बी गणंग असतं. वरचं कवच पाणी आत घेत नाही. ते कवच आपण उघडायचं:

१. दोन सँडपेपरच्या मध्ये बी ठेवून हलक्या हातानं दहा-पंधरा वेळा घासा. चकाकी जाऊन कवच खरबरीत झालं पाहिजे, आतला पांढरा भाग दिसला म्हणजे जास्त झालं.
२. वाटीत घाला, उकळून उतरवून जरा निवलेलं गरम पाणी वरून ओता. गॅसवर बी उकळायचं नाही. तसंच रात्रभर राहू द्या.
३. सकाळी फुगलेलं बी वेगळं काढा आणि त्याच दिवशी पेरा. न फुगलेलं परत घासा, परत भिजवा.
४. खोल कुंडी घ्या, निम्मं पॉटिंग मिक्स, निम्मं परलाइट किंवा जाड वाळू. पाव इंच खोल पेरा, एका कुंडीत दोन-तीन.
५. उबदार जागा, ७०-८० फॅरनहाइट. वरचा थर सुकू देऊ नका पण कुंडी थबथबीतही नको. एक-दोन आठवड्यांत उगवतं.
६. खरी दोन-तीन पानं आली की एका कुंडीत एकच ठेवा, बाकीची कात्रीनं कापा. ओढून काढली तर शेजारच्याची मुळं हलतात.

मार्चमध्ये पेरलं तर ऑक्टोबरला लावण्याजोगं रोप तयार होतं. पहिला उन्हाळा कुंडीतच, दुपारच्या सावलीत. कुंडीतलं पाणी जमिनीपेक्षा लवकर सुकतं, तेव्हा वर दिलेलं वेळापत्रक इथे लागू नाही, दोन इंच बोट घालून कोरडं लागलं की द्यायचं.

जमलं तर यातलं काहीच न करता झाडाखाली पडलेलं बी मान्सूननंतर आपोआप उगवतं. उगवत नसेल तर एक गोष्ट विचारा, अंगणवाला तण उगवू नये म्हणून खडीवर औषध मारतो का. शरदात आणि फेब्रुवारीच्या सुमारास बरेच जण मारतात, आणि ते औषध तण आणि पेटारी यात फरक करत नाही, उगवणारं बी मारतं. झाडाभोवतीचं सहा फुटांचं वर्तुळ त्याला खुणेचे दगड ठेवून दाखवा आणि तिथलं तण हातानं काढा. उगवलेली रोपं चार पानांची असतानाच, सभोवतालच्या मातीसकट, कुंडीत उचला. त्यापेक्षा मोठी झाली की मूळ खोल गेलेलं असतं आणि उचलताना तुटतं.

उरलेलं बी कोरडं करून कागदी पाकिटात ठेवा, वर महिना आणि वर्ष लिहा. प्लास्टिकच्या पिशवीत ओल राहिली तर बुरशी धरते.